भुयारी खाणीत छत पडून गेलेली माणसं कुठल्याच यादीत का नसतात?

खापरखेडा_एक्सप्रेस
परवा घरी चासनाल्याचा विषय निघाला. २७ डिसेंबर १९७५ ला खाणीत पाणी शिरलं आणि ३७५ माणसं गेली, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ. आजोबा आमच्या इकडच्याच एका भुयारी खाणीत लोडर, म्हणजे कोळसा भरणारे, होते. ते म्हणाले, पाण्याची अन् गॅसची भीती सायबांना, आम्हाला भीती छताची. त्यांच्या ओळखीतले जे जे खाली मेले, ते सगळे दगडाखाली मेले म्हणे. एकही पाण्यानं नाही, एकही स्फोटानं नाही.

मग मी मोबाईलवर खाण दुर्घटनांच्या याद्या काढून बसलो. सगळीकडे स्फोट, आग, पाणी. छत पडल्याचे प्रकार हाताच्या बोटावर मोजण्याइतके. मग आजोबा म्हणतात ते फक्त आमच्या भागापुरतं, की जुन्या काळी सगळीकडे असंच होतं? वेकोलि (कोळशाची कंपनी) नागपुरात, मॉइल (मॅंगनीजची) नागपुरात, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स नागपुरात. म्हणजे इथं कुणीतरी जाणकार सापडायलाच हवा.

तर्रीपोहा
पहिला!
आमच्या फ्लॅटचं छत मागच्या पावसाळ्यापासून गळतंय, त्याचं गाऱ्हाणं इथंच मांडू का वेगळा धागा काढू?

वाचनमात्र
तर्री, वेगळा काढ बाबा. हा चांगला धागा आहे, नासवू नको.

माइनवाली
आजोबांचं म्हणणं फक्त तुमच्या भागापुरतं नाही. भुयारी कोळसा खाणकामाचा जिथं जिथं इतिहास लिहिला गेलाय, तिथं बहुतेक ठिकाणी छत आणि बाजूची भिंत कोसळणं हेच सगळ्यात जास्त माणसं मारणारं कारण आहे. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात स्फोटांवर चौकशी आयोग बसले, सेफ्टी लॅम्पचं कौतुक झालं, पण स्फोटांपेक्षा जास्त माणसं दगडाखाली जात होती. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भुयारी कोळसा खाणीतले साधारण निम्मे मृत्यू छतामुळे.

याद्यांत का नाही, त्याचं उत्तर रुक्ष आहे. आपल्याकडे खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, दहा किंवा जास्त मृत्यू झाले तरच त्याला 'डिझास्टर' धरतं. चार ते नऊ असतील तर 'मेजर'. छत बहुतेक वेळा एकाला नेतं, फार तर दोघांना. म्हणजे तुम्ही बघितलेल्या यादीची चाळणीच अशी की त्यातून छत गळून जातं.

एक हिशेब सांगते. गॅलरीची, म्हणजे कोळशात खोदलेल्या बोगद्याची, रुंदी आपल्याकडे जास्तीत जास्त ४.८ मीटर. त्या रुंदीचा, दोन मीटर लांब आणि जेमतेम एक फूट जाडीचा वाळूच्या दगडाचा पापुद्रा सुटला तर वजन सात टनांच्या आसपास. एवढं डोक्यावर आल्यावर हेल्मेट काय करणार?

सरदारकाका
धागा पोरानं दाखवला. मी मायनिंग सरदार, म्हंजे पाळीत छत तपासून लोकं आत सोडणारा, म्हणून रिटायर झालो, आता हिंगण्याकडं असतो. नाव वाचून पंजाबी समजू नका, कुणब्याचा हाय.

माइनवाली ताईनं बरोबर लिहिलं. मी फक्त खाली काय होते ते सांगतो. ब्लास्टिंग झालं, धूर गेला, की सगळ्यात आधी लोडर नाही जात. आधी सरदार अन् ड्रेसर. ड्रेसरच्या हातात लांब सब्बल. तो आपल्यावर चांगलं छत हाय तिथंच उभा राहतो अन् पुढचं ठोकत जातो. टणटण आवाज आला तर छत जुळून हाय. बद्द आवाज आला तर वरून सुटलेलं हाय. जाड थर असला तर कान फसते, म्हणून एका हातानं ठोकाचं अन् दुसऱ्या हाताचा पंजा छताले लावाचा. सुटलेला थर असला तर पंजात बारीक थरथर लागते. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलं हाय, पण हाताले समजाले वर्ष-दोन वर्षं लागते.

सुटलेलं दिसलं की पाडून टाका, नाही पडत तर टेका द्या. अन् तोवर कोणाले आत सोडू नका. एवढाच धर्म. पण वरून फोन येते, टबं (कोळशाचे डबे) काहून नाही निघून राहिले? लोडरले टबावर पैसे, तो मागं उभा राहून म्हणते, सरदार, सोडा ना, दोन टबं भरतो अन् येतो. बहुतेक लोकं त्या दोन टबांत गेले.

इतवारीकर
काका, दंडवत. बाकी धागा नाही वाचला तरी चालेल, एवढा प्रतिसाद वाचा लोकहो.

सदाशिवपेठी
माहितीपूर्ण. पण सरदारकाकांच्याच प्रतिसादातून दिसतं की नियम होता, तपासणीची पद्धत होती, आणि कामगार ती डावलून आत जात होते. मग यात व्यवस्थेचा दोष किती आणि वैयक्तिक निष्काळजीपणाचा किती? भावनेच्या भरात सगळं व्यवस्थापनावर ढकललं जातं असं माझं निरीक्षण आहे.

तर्रीपोहा
आलं! मी म्हणत होतो अजून कसं नाही आलं.

चांदागड
सदाशिवपेठी, तुमचा राग नाही. हेच वाक्य मी कागदावर वाचलेलं आहे.

माझा काका चंद्रपूरकडच्या एका खाणीत गेला. खाणीचं नाव लिहीत नाही. पिलर काढायचं काम चालू होतं. कागदावर लिहिलं होतं, मयत आधार न दिलेल्या छताखाली 'परवानगीशिवाय' गेला. आता बघा, टेक्यासाठीच्या बल्ल्या दोन पाळ्यांपासून आल्या नव्हत्या. लोडरला रोज टबांच्या हिशेबानं. न भरलेल्या टबाचा पैसा नाही, छत ठोकण्यात गेलेल्या वेळाचा पैसा नाही, बल्ल्या ओढून आणण्याचा नाही. त्याला परवानगी कोण देत होतं आणि कोण नाकारत होतं? एका सरदाराला निलंबित केलं, काकूला अनुकंपावर नोकरी मिळाली, फाईल बंद. काकू पुढे त्याच ऑफिसात पाणी भरायची.

निष्काळजीपणा होताच. कुणाचा, ते तुम्ही ठरवा.

सदाशिवपेठी
चांदागड, टबावर मजुरी हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तरी परवानगी नाकारण्याचा अधिकार कायद्यानं सरदाराकडे होता ना? तो वापरला का जात नव्हता?

सरदारकाका
होता ना. मी वापरला बी. दुसऱ्या दिवशी मले पंप पाहाले दुसऱ्या सीमवर, म्हंजे कोळशाच्या दुसऱ्या थरावर, पाठवलं. एक महिना पंप पाहिला.

भूशास्त्री
थोडं दगडाबद्दल, कारण सगळा दोष माणसांच्या माथी मारताना दगड सुटून जातो.

आपल्या कामठी-चंद्रपूर पट्ट्यातला कोळसा गोंडवाना काळातला, बराकर थरांतला. वर वाळूचा दगड, मधे शेल (पापुद्र्यांचा मऊ दगड), कधी कोळशाचेच पातळ पट्टे. दोन थरांमधला जोड कमकुवत. खालचा कोळसा काढला की खालचा थर हलकेच वाकतो आणि वरच्यापासून सुटतो. खालून तो छान सपाट दिसतो. त्यातच 'स्लिप' नावाचा प्रकार असतो: दगडातली तिरपी, गुळगुळीत, कधी कधी आरशासारखी चमकणारी फट. दोन स्लिप वर एकमेकींकडे झुकल्या असतील तर मधला तुकडा पाचरीसारखा नुसता लटकलेला असतो. ठोकून आवाज चांगला येतो, कारण तुकडा जाड आणि एकसंध. पडतो तेव्हा सूचना न देता पडतो. सरदारकाकांच्या पंजालाही तो फसवू शकतो.

दुसरी जागा म्हणजे जंक्शन, जिथं दोन गॅलऱ्या एकमेकींना छेदतात. ४.८ मीटरच्या दोन गॅलऱ्या काटकोनात आल्या की कर्णातलं अंतर पावणेसात मीटरच्या पुढे जातं. बऱ्याच नोंदींत 'जंक्शनवर' हे शब्द येतात ते उगाच नाही. आणि पावसाळ्यात खाली जाणारी दमट हवा शेलला फुगवते, पापुद्रे निघायला लागतात.

सरदारकाका
स्लिपचं खरं हाय. स्लिप दिसली की आमी खडूनं तिच्यावर रेघ मारून ठेवत होतो, मागून येणाऱ्या पाळीले दिसावी म्हणून.

वाचनमात्र
पिलर काढणं म्हणजे काय? चांदागड यांनी लिहिलंय ते समजलं नाही. खांबच काढले तर छत पडणारच ना?

माइनवाली
पडावंच म्हणून काढतात :)

आधी कोळशात गॅलऱ्या खोदत जातात, मधे चौकोनी खांब राहतात. ते झालं बोर्ड अँड पिलर. निम्म्याहून जास्त कोळसा त्या खांबांतच अडकलेला असतो, म्हणून शेवटी मागे सरकत सरकत खांब कापत यायचं. त्याला डिपिलरिंग म्हणतात. मागे राहिलेली पोकळी म्हणजे गोफ. तिथलं छत वेळेवर पडायला हवं. नाही पडलं आणि मोठा भाग लटकत राहिला तर सगळं वजन पुढच्या खांबांवर येतं, किंवा मग एकदम पडून आतली हवा अशी बाहेर फेकली जाते की माणसं भिंतीवर आदळतात. तसं होऊ नये म्हणून गोफच्या तोंडाशी टेक्यांची दाट रांग, चॉक (ओंडके एकमेकांवर रचून केलेला आधार), आणि नाहीच पडत तर सुरुंग लावून छत मुद्दाम पाडणं. किंवा दुसरा मार्ग, पोकळीत पाण्याबरोबर रेती भरून टाकणं.

खांब फार बारीक ठेवले तर काय होतं ते दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुकला दिसलं. २१ जानेवारी १९६०, हजारो खांब एकामागोमाग चिरडले गेले, चारशेहून जास्त खाणकामगार आत राहिले, मृतदेहही निघाले नाहीत. खांबाची ताकद काढायची जी सूत्रं आज शिकवतात, त्यातलं एक मुख्य सूत्र त्यानंतरच्या संशोधनातून आलं.

सरदारकाका
गोफ पडाच्या आधी बल्ल्या बोलाले लागतात. आधी बारीक कटकट, मंग सालपट उडते. लाकडाची बल्ली मरता मरता सांगून जाते. नंतर लोखंडाचे प्रॉप (टेके) आले, ते मुके. पहिले काही महिने कोणाचा जीवच नाही लागला त्यायच्या खाली. जुने लोकं लोखंडी प्रॉपच्या बाजूले एक लाकडी बल्ली उगाच उभी करत, ऐकाले.

तर्रीपोहा
ऐकाले! काका, हे जबरी आहे.

माइनवाली
काका, माफ करा पण इथं थोडी असहमत. लाकडी बल्ली बोलते हे खरं, पण ती बोलते कारण ती हरतेय. मी ज्या काळात कामाला लागले तेव्हा रूफ बोल्ट आले होते. बोल्ट छताला खालून धरत नाही, छतात दीड-दोन मीटर भोक पाडून सळई आत घट्ट बसवतात. सुटे थर एकमेकांना शिवले जातात आणि मिळून एक जाड तुळई होते. सिमेंट कॅप्सूलवाल्या बोल्टला पकड यायला वेळ लागतो, रेझिन मिनिटांत धरतं. शिवाय गॅलरी मोकळी राहते, यंत्रं फिरतात. भारतात छताचे मृत्यू कमी झाले त्यात बोल्टचा वाटा मोठा आहे. हे तंत्रज्ञानानं केलं, पंज्यानं नाही.

अमरावती_मेल
एक खोडी काढतो. माझा विषय इतिहास, खाण नव्हे.

अमेरिकेत रूफ बोल्टिंगचा जोरात प्रसार १९४८ च्या आसपास सुरू झाला. तिथल्या ब्युरो ऑफ माइन्सनं मोठ्या आशेनं केला. पुढची जवळजवळ वीस वर्षं छताखाली मरणाऱ्यांचं प्रमाण म्हणावं तसं उतरलंच नाही. बोल्टमुळे बल्ल्यांची अडचण गेली, मोठी यंत्रं आत आली, उत्पादन वाढलं, आणि दोन बोल्टांमधलं अंतर जेवढं परवडेल तेवढं ताणलं गेलं. सुरक्षिततेत जे कमावलं ते टनांत खर्च केलं.

आकडे खरे उतरले ते १९६९ च्या कायद्यानंतर. मंजूर केलेला आधाराचा आराखडा प्रत्येक खाणीला सक्तीचा झाला, निरीक्षक वाढले, दंड आला. २०१६ साली तिथं पहिल्यांदाच भुयारी कोळसा खाणीत छतानं एकही माणूस मेला नाही.

आणि गंमत म्हणजे तो कायदा छतामुळे आलाच नाही! २० नोव्हेंबर १९६८ ला फार्मिंग्टनला स्फोट झाला, ७८ माणसं गेली, टीव्हीवर दिसलं, देश हलला. कायदा त्यामुळे. छताखाली एकेक करून मेलेल्या हजारोंनी जे झालं नाही ते एका स्फोटानं झालं. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं.

माइनवाली
अमरावती_मेल, हे माहीत होतं पण अशा क्रमानं लावून पाहिलं नव्हतं. तरीही बोल्ट नसते तर १९६९ चा कायदा कशाची सक्ती करणार होता? बल्ल्यांची?

अमरावती_मेल
मान्य. दोन्ही लागतात. फक्त जाहिरात नेहमी एकाचीच होते.

मनसरवाला
इथं सगळे कोळशावरच. आमच्या मॅंगनीजला कोणी विचारेना. मनसर, कांद्री, गुमगाव, बालाघाट, या भुयारी खाणी आहेत बरं. मॉइलचं मूळ १८९६ सालच्या ब्रिटिश कंपनीत आहे, म्हणजे कोळशाच्या राष्ट्रीयीकरणाच्या किती आधीचं बघा. आमच्याकडे थर आडवा नसतो, उभा-तिरपा असतो. वरच्या बाजूची भिंत म्हणजे हँगिंग वॉल, भीती तिची. खालून धातू काढत वर जायचं, मागे रेती भरत यायचं, त्या रेतीवरच उभं राहून पुढचं काम. छत कायम हाताशी, म्हणून तपासायला सोपं आणि मरायलाही सोपं.

रमाईची_लेक
एक गोष्ट सुटतेय. जुन्या खाणींत एकटा पुरुष नसायचा. नवरा कोळसा तोडायचा, बायको टोपलीनं टबात भरायची, कधी सोबत दीर, सासू. मजुरी जोडीनं. छत पडलं की एकाच घरातली दोन माणसं जायची. १९२९ च्या नियमांनी बायकांना खाली जाण्यावर टप्प्याटप्प्यानं बंदी आली, आणि महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ती उठवली, आपल्या मध्य प्रांतातही. तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात यावर चर्चा झाली तेव्हा त्यांनी निर्णयाची बाजू मांडली, पण बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल हेही ठासून सांगितलं. १९४६ मध्ये बंदी परत आली. माझी पणजी त्या मधल्या वर्षांत खाली जायची. घरात तिच्याबद्दल फार बोललं जात नाही, खाणीतलं तर नाहीच.

माइनवाली
रमाईची_लेक, २०१९ मध्ये ती बंदी शिथिल झाली. माझ्या बॅचला कॉलेजात सांगायचे, मुलींनी प्लॅनिंगमध्ये जावं.

ऑरेंजसिटी
ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचंय त्यांनी सावनेरच्या ईको पार्कला जा. वेकोलिची खाण सहल आहे, हेल्मेट देतात. पोरं खूश होतात. परत येताना सावनेरात भजी.

तर्रीपोहा
खरं छत पडायचं सांगून राहिले लोकं, आणि हा भज्यांवर आला. (कुठल्या टपरीवरची? व्यनि कर.)

इतवारीकर
आता बहुतेक कोळसा ओपनकास्टमधून निघतो. वर आभाळ. मग छताचा प्रश्नच मिटला ना?

चांदागड
छताचा मिटला, दगडाचा नाही. कवडी ओपनकास्ट, २४ जून २००० ला बेंच (खाणीच्या उतारातली पायरी) घसरून दहा माणसं गेली. तिथं वर आभाळच होतं.

खापरखेडा_एक्सप्रेस
धागा एवढा चालेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

माइनवालींनी सांगितलेली चाळणी लावून याद्या परत बघितल्या. छत पडून दहा किंवा जास्त गेलेल्या घटना आहेत, पण थोड्या: १६ जुलै १९८२ ला टोपा, १६ माणसं. १६ ऑक्टोबर २००३ ला गोदावरीखनी ८ ए, १० माणसं. आपल्या जवळची म्हणजे दुर्गापूर रयतवारी, ५ मार्च २००१, दोन सीममधला थर कोसळून ६ माणसं. ती मेजरमध्ये, डिझास्टरमध्ये नाही. पेंचच्या न्यूटन चिखलीत १० डिसेंबर १९५४ ला ६३ गेले, तेही पाण्यानंच. आजोबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, आपल्या वेळच्यांचे कुठं हाय यात? त्यांनी मग एकेक नाव सांगायला सुरुवात केली, कोण कुठल्या गावचं, कुठल्या सीमवर, कोणाच्या बाजूला काम करत होतं. मी वहीत लिहून घेतोय. आडनावं काहींची आठवत नाहीत, गावं सगळी आठवतात.

अमरावती_मेल
हे करत राहा. जमलं तर आवाजही रेकॉर्ड करा. तारीख आठवत नसेल तर सण विचारा, पोळ्याच्या आधी की नंतर, त्यावरून साल लागतं. आणि प्रत्येकाला विचारा की त्या दिवशी टेके होते का.

सदाशिवपेठी
आणि मजुरीचा दर विचारा. टबामागे किती मिळत होते ते. मी हे उपरोधानं म्हणत नाहीये.

सरदारकाका
एक्सप्रेस, आजोबाचं नाव व्यनित सांगा, एखाद्या वेळेस ओळख निघन. माझ्याकडं बी दोन-चार नावं हायत, गावासकट. रविवारी वही घेऊन या, दुपारी. जेवूनच या म्हणजे, आमची मंडळी लेकीकडं पुण्याले गेली हाय, घरी फक्त मी अन् चहा.

तर्रीपोहा
काका, मीपण येतो. भजी मी आणतो.